दालमिलमध्ये शिफ्ट इनचार्ज झालोय, माणसं सांभाळायची कशी? अनुभवी लोकांनी सांगा

गिरणाकाठचा:
नमस्कार मंडळी. मी जळगाव एमआयडीसीत एका दालमिलमध्ये आहे, आधी सॅम्पल तपासायचो, दिवाळीनंतर सेठनी एका शिफ्टचं सगळं माझ्याकडे दिलं. कामाचं टेन्शन नाही, रोलचं सेटिंग, चाळण्या, ओलावा, उतारा (किती मालातून किती डाळ निघाली ते) सगळं कळतं. अडचण माणसांची आहे. आमचे मिस्तरी आप्पा मी शाळेत होतो तेव्हापासून या लाईनीत आहेत, तुरीचा दाणा दाताखाली धरून सांगतात की अजून एक ऊन द्यायला पाहिजे, आणि मी ओलाव्याचं मीटर लावून वेगळं सांगितलं तर समोर हो म्हणतात आणि करतात त्यांच्याच मनासारखं. हमाल पण आप्पांचंच ऐकतात. निवडायला बसणाऱ्या मावश्या माझ्याशी बोलतच नाहीत, काही बिघडलं की मला सगळ्यात शेवटी कळतं. सेठ म्हणतात जरा आवाज चढव, कडक हो. माझा स्वभाव तसा नाही. तर लीडरचे गुण म्हणतात ते जन्मजात असतात का अंगात आणता येतात, आणि येत असतील तर सुरुवात कुठून करू? पुस्तकी नको, करून पाहिलेलं सांगा.

नाना भुसावळवाले:
अंगात आणता येतात भो, शंभर टक्के. मी रेल्वेत सुपरवायझर म्हणून रिटायर झालो, माझ्या हाताखाली माझ्यापेक्षा मोठी माणसं होती. मी तुले सांगतो, आवाज चढवायच्या भानगडीत पडू नको. आवाज एकदा चढवला की दुसऱ्या दिवशी त्याहून जास्त चढवावा लागतो, आणि तू शिफ्टवर नसला की काम बंद.

पहिलं म्हणजे सगळ्यांना एका पद्धतीनं सांगू नको. आम्हाला ट्रेनिंगमध्ये माणसं कशी सांभाळायची याचं हर्सी आणि ब्लँचर्ड या दोन अमेरिकन अभ्यासकांचं शिकवलं होतं, १९६९ चं आहे पण आजही कामाचं आहे. नवीन माणसाला एकेक पायरी सांगायची आणि जवळ उभं राहायचं, आणि ज्याला काम येतं त्याला फक्त काय पाहिजे ते सांगायचं, कसं करायचं ते त्याच्यावर सोडायचं. तू आप्पांना नवीन पोराला सांगितल्यासारखं सांगून राहिला असशील तर ते हो म्हणून सोडूनच देणार ना.

आता त्या तुरीचं. एक वही कर. माल आला की आधी आप्पांना दाणा चावायला दे, ते काय म्हणाले ते लिही, मग मीटरचा आकडा त्याच्या बाजूला लिही, आणि शेवटी उतारा किती बसला, तुकडा (तुटलेली डाळ) किती निघाला ते लिही. हे आप्पांच्या समोर, त्यांना विचारत कर, त्यांना खोटं पाडायला नाही. काही लॉटमध्ये आप्पा बरोबर निघतील. मीटर तू घेतलेल्या मूठभर सॅम्पलचा आकडा देतो, आप्पा दहा ठिकाणी हात घालून बघतात. जिथे ते बरोबर निघतील तिथे हमालांसमोर सांग की आज आप्पांमुळे तुकडा वाचला. आणि पटलं नाही तर ते एकटे असताना बोल, कामाच्या आधी, चहाच्या टायमाला.

धुळ्याची सिस्टर:
नानांचं बरोबर आहे पण मला तुमचं ते वाक्य जास्त महत्त्वाचं वाटलं, "मला सगळ्यात शेवटी कळतं". मी वॉर्ड इनचार्ज आहे, आमच्याकडे शेवटी कळणं म्हणजे पेशंटच्या जिवाशी खेळ. अमेरिकेत एमी एडमंडसन नावाच्या संशोधक बाई आहेत, त्यांनी १९९० च्या दशकात हॉस्पिटलमधल्या औषधांच्या चुका तपासल्या, त्यांना वाटलं होतं चांगल्या टीममध्ये चुका कमी सापडतील आणि निघालं उलटंच, चांगल्या टीममध्ये चुकांची नोंद जास्त होती, कारण तिथली माणसं न घाबरता सांगत होती.

म्हणून बघा, कोणी वाईट बातमी घेऊन आलं की तुमच्या तोंडातून पहिला शब्द काय निघतो. "कोणी केलं?" निघाला की संपलं, पुढच्या वेळी कोणी येत नाही. "काय झालं, आत्ता काय करायचं?" असं विचारा. नाईटला एक नवीन मुलगी माझ्याकडे आली, हात थरथरत होते, म्हणाली सिस्टर मी शेजारच्या बेडचं इंजेक्शन भरलं होतं, टोचायच्या आधी लेबल दिसलं. मी आधी तिला म्हटलं बरं झालं सांगितलंस, मग दोघींनी ट्रॉली बघितली, दोन सारख्या दिसणाऱ्या व्हायल (औषधाच्या छोट्या बाटल्या) एकाच कप्प्यात होत्या. त्या वेगळ्या केल्या. तिला ओरडले असते तर त्या व्हायल अजून तिथेच असत्या. हे चेहऱ्यावरचं कंट्रोल सरावानं येतं, मला तर घरी पोरांवर सराव करावा लागला 🙂

अमळनेरकर:
तू आपला भागना पोऱ्या शे म्हनीसन सांगस. वय लहान म्हणून मनात कमीपणा ठेवू नको. आमच्या अमळनेरात वनस्पती तुपाचा कारखाना होता तीच आजची विप्रो, १९६६ मध्ये वडील गेले तेव्हा अझीम प्रेमजी शिक्षण सोडून आले, वय २१. भागधारकांच्या सभेत एकानं तोंडावर सांगितलं की तुझ्याच्यानं हे व्हायचं नाही, विकून टाक. प्रेमजी धंद्यातलं एकेक शिकत गेले आणि टिकले. अर्थात ते मालक होते, तुला तेवढी सूट नाही हे मान्य.

दुसरं उदाहरण मला जास्त जवळचं वाटतं. साने गुरुजी १९२४ पासून इथे प्रताप हायस्कूलला शिक्षक होते, छात्रालय सांभाळायचे. पोरांनी खोली अस्ताव्यस्त टाकली की ते रागवत बसायचे नाहीत, स्वतः झाडून नीट लावून ठेवायचे, मग पोरांनाच लाज वाटायची. पण इथे एक सावधान, तू रोज हमालांबरोबर पोती उचलायला लागलास तर शिफ्ट कोण बघणार? अडलेल्या वेळी हात लाव, रोज नको.

आणि एका बाबतीत सेठचं ऐक. चालू एलिव्हेटरमध्ये (माल वर चढवणाऱ्या मशीनमध्ये) हात घालणं, पट्ट्याचं गार्ड काढून ठेवणं, गळ्यात रुमाल लोंबकळत मशीनजवळ जाणं, इथे मऊपणा अजिबात नको. मशीन बंद करायचं, मग बोलायचं. आप्पा असले तरी. कडक माणूस आणि ओरडणारा माणूस यात फरक आहे.

गिरणाकाठचा:
सगळ्यांचे मनापासून आभार. वही उद्यापासून चालू करतो. मावश्यांचं काय करू, मी गेलो की त्या गप्पच होतात.

यावलची लेक:
मी केळीच्या पॅकिंगला बायांची टीम बघते म्हणून सांगते. तुम्ही गेल्यावर काय विचारता? खडा किती निघाला, किती कट्टे झाले, एवढंच ना? मग त्या काय बोलणार. एक दिवस काहीच न मोजता नुसतं बसा, आमच्याकडे "जेवन झायं का?" पासूनच गप्पा सुरू होतात. वयानं मोठ्या मावशीला आधी विचारा, तिच्या पुढे बाकीच्या बोलत नाहीत.

दोन गोष्टी हमखास निघतील, बाथरूम आणि ऊन. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा ४४-४५ वर जातो आणि पत्र्याच्या शेडमध्ये काय होतं ते तुम्हाला माहितीच आहे. ते ऐकून "बघतो" म्हणून निघून येऊ नका. सेठकडे जाताना नुसतं मावश्यांना त्रास होतो असं नका सांगू, सकाळी निवडलेल्या मालात खडा किती सुटतो आणि दुपारी ३ वाजता किती, हे दोन आकडे नेऊन ठेवा, आणि सकाळी ७ ला काम चालू करून दुपारी लवकर सोडायचं विचारा. पण त्याआधी मावश्यांना विचारा की ७ ला यायला रिक्षा मिळते का, कोणाची पोरं लहान आहेत का, नाहीतर तुम्ही चांगलं करायला जाल आणि दोघीतिघींचं कामच सुटेल. सेठ काय म्हणाले ते त्याच दिवशी येऊन सांगा, नाही म्हणाले असतील तरी. आमच्या बायांनी मला मानलं ते पंखा आल्यावर नाही, पंख्याचं नाही झालं हे मी स्वतः येऊन सांगितलं त्या दिवशी.