मुलासाठी रेट्रो व्हिडिओ गेम घेऊ की नवीन कन्सोल? सल्ला हवाय

रंकाळा_अमोल:
नमस्कार मंडळी. मुलगा ९ वर्षांचा आहे, मोबाईल घेऊन एकटाच कोपऱ्यात बसतो, म्हणून दिवाळीत टीव्हीला लावायचा गेम घ्यायचं चाललंय म्हणजे निदान सगळे एका जागी बसून खेळू. पण घरात दोन मतं आहेत. मला तो जुन्या पद्धतीचा हवाय, आपण ती पिवळी कॅसेट लावून मारिओ, कॉन्ट्रा खेळायचो ना तसा, आता ऑनलाईन एचडीएमआयची स्टिक मिळते दोन वायरलेस रिमोटसकट आणि म्हणे दहा हजार गेम. बायकोचं म्हणणं पैसे घालायचेच तर एकदाच चांगलं काहीतरी घ्या, पीएस५ (प्लेस्टेशन ५) किंवा एक्सबॉक्स. वापरलेलं मिळालं तरी चालेल. टीव्ही ४३ इंची एलईडी. शिवाय आईकडे माळ्यावर माझा जुना टीव्ही गेम आहे गनसकट, तो लावता येईल का?

सोल्डरिंगवाला:
आधी माळ्यावरच्याचं सांगतो दादा. सेट चालू होईल बहुतेक, ॲडॅप्टरवरचे व्होल्ट आणि प्लस-मायनस मात्र सेटवर छापलेल्याशी जुळवून बघ, घरात पडलेला कुठलाही ॲडॅप्टर लावू नकोस. टीव्हीला पिवळी-पांढरी पिन लावायची जागा नसेल तर एव्ही टू एचडीएमआय कन्व्हर्टर लागेल, आणि दुकानदाराला नीट वाचून दाखवायला सांग कारण एचडीएमआय टू एव्हीची डबी डिट्टो तशीच दिसते आणि ती उलटी चालत नाही.

गन विसर. बदकांच्या गेममध्ये ट्रिगर दाबला की क्षणभर पडदा काळा व्हायचा आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन यायचा आठवतंय? गनमधला सेन्सर तो उजेड पकडायचा आणि नेम लागला की नाही ते ठरायचं. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर चित्र जागच्या जागी उमटायचं, एलईडी टीव्ही आधी चित्रावर प्रक्रिया करतो मग दाखवतो, तेवढ्या उशिरात सगळा हिशेब चुकतो. गन बिघडलेली नसते, टीव्ही बदललाय.

मंजू_पुणे:
आमच्याकडे स्टिक आहे आणि मी तिच्या बाजूने आहे. लावली की लगेच गेम सुरू, अकाउंट नको, वायफाय नको, अपडेट नको, पाहुण्यांची पोरं आली की दोन मिनिटांत आळीपाळीने खेळायला लागतात आणि माझे सासरेसुद्धा पॅकमॅन खेळतात. ही गोष्ट नव्या मशीनमध्ये नाही, तिथे रिमोटवर इतकी बटणं असतात की मोठी माणसं हातच लावत नाहीत.

फक्त दहा हजार आकड्यावर जाऊ नका, एकच गेम वेगवेगळ्या नावांनी भरलेला असतो. डब्यावर ४के लिहिलेलं असतं त्यालाही अर्थ नाही, मूळ गेमचं चित्रच २५६ बाय २४० ठिपक्यांचं, ते ताणून दाखवतात. सेटिंगमध्ये चित्राचं प्रमाण ४:३ करा नाहीतर मारिओ जाडा दिसतो. टीव्हीचा गेम मोड चालू करा, नाहीतर बटण दाबल्यावर उडी उशिरा पडते आणि पोरगं म्हणतं गेम खराब आहे. मेमरी कार्ड एकदम हलक्या दर्जाचं येतं, आल्या दिवशीच कॉम्प्युटरवर त्याची कॉपी काढून ठेवा.

गेमर_नाशिक:
ताई, स्टिकमधले गेम बहुतेक सगळे विनापरवानगी भरलेले असतात तेही सांगायला हवं. रीतसर म्हणाल तर मारिओवाल्या निन्टेंडो कंपनीने २०१६ मध्ये ३० गेमचा छोटा सेट काढला होता, पण आता तो नवा मिळत नाही.

अमोल, तुझ्या केससाठी माझं स्पष्ट मत, वापरलेला पीएस४ घे, सीडी लागणारा. मुलगा ९ चा आहे, मारिओ-कॉन्ट्राची ओढ तुला आहे, त्याला नाही, तो पंधरा दिवस खेळेल आणि परत मोबाईल घेईल. आणि तुला कॉन्ट्राच हवा असेल तर कॉन्ट्रावाल्या कोनामी कंपनीने २०१९ मध्ये जुने कॉन्ट्रा एकत्र करून पीएस४ वर आणलेत, आपण खेळायचो तोच, दोघांनी एकत्र खेळता येतो. म्हणजे नव्या मशीनवर जुना गेम मिळतो, उलटं होत नाही. मारिओ तेवढा मिळणार नाही, तो निन्टेंडोच्याच मशीनवर, आणि ती कंपनी आपल्याकडे अधिकृतपणे विकत नाही, बाहेरून आलेला त्यांचा स्विच नावाचा कन्सोल घेतलास तर वॉरंटीचं बघणारं कोणी नाही.

सीडीवालाच का, तर नवा मोठा गेम चार-पाच हजारांना जातो, सीडी असली की खेळून झाल्यावर विकता येते, अदलाबदल करता येते. एक्सबॉक्स सिरीज एस मध्ये सीडी घालायची सोयच नाही. आणि पीएस४ च्या जवळपास सगळ्या सीडी पुढे सीडीवाल्या पीएस५ वर चालतात, म्हणजे वाया काही जात नाही.

घेताना मात्र समोर सीडी घालून अर्धा तास खेळून बघ, पंखा किती ओरडतो ते ऐक, आधीच्या माणसाचं अकाउंट काढायला लाव.

मंजू_पुणे:
पण नवे कितीतरी गेम एका टीव्हीवर दोघांना खेळताच येत नाहीत, प्रत्येकाला वेगळं मशीन आणि वर्गणी. मग पोरगा परत एकटाच हेडफोन लावून बसणार, अमोल यांचा मूळ मुद्दाच राहिला की.

गेमर_नाशिक:
बरोबर आहे, म्हणूनच गेम निवडून घ्यायचा. डब्याच्या मागे प्लेअर किती ते लिहिलेलं असतं, नेटवर्क प्लेअरचा, म्हणजे नेटवरून खेळणाऱ्यांचा, आकडा वेगळा असतो, तो धरायचा नाही. रेमन लेजेंड्सने सुरुवात करा, चौघं एकदम खेळतात आणि कोणी मेलं तर दुसरा येऊन त्याला थापड मारून जिवंत करतो, पोरं खिदळतात. लेगोचे गेम दोघांना, मध्येच कोणी उठून गेलं तरी चालतं. इट टेक्स टू तर एकट्याने खेळताच येत नाही, पण गोष्ट आईवडिलांच्या घटस्फोटाभोवती फिरते, तो आधी तुम्ही नवरा-बायको खेळून बघा. दुसऱ्या कंट्रोलरचे पैसे बजेटमध्ये आत्ताच धर, तो नसला तर सगळंच फुकट.

रंकाळा_अमोल:
खूप आभार सगळ्यांचे. बायकोला धागा वाचून दाखवला, रेमनवर दोघांचंही एकमत झालं. पीएस४ बघतोय, दोन कंट्रोलरसकट. एकच शंका, आमच्याकडे नेट मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चालतं, अडेल का?

सोल्डरिंगवाला:
सीडीचे जुने गेम नेटशिवाय चालतात. कॉन्ट्राचा तो संच मात्र डाउनलोड करावा लागेल, एकदाच, आणि तो काही मोठा नाही, हॉटस्पॉटवर होऊन जाईल. मोठ्या गेमचे अपडेट कित्येक जीबीचे येतात, ते आपोआप उतरायचं सेटिंग पहिल्या दिवशीच बंद कर.