कॉलेजच्या लायब्ररीत तुम्हाला काय मिळालं?

वहीवाली:
कपाट आवरताना जुन्या वहीत चिठ्ठी सापडली. माझंच अक्षर, ‘५३०.१२’. बाकी काही नाही. बघताक्षणी ती फळीच समोर आली! पुस्तकांना विषयवार आकडे देण्याच्या ड्युईच्या पद्धतीत ५३० म्हणजे भौतिकशास्त्र आणि ५३०.१२ क्वांटम मेकॅनिक्स. फळी अगदी जमिनीलगत, मी तिथेच मांडी घालून वाचत बसायचे. शोधायला जायचे एक पुस्तक, घेऊन यायचे त्याच्या शेजारचं. माझा विषय तिथेच ठरला. तुमचं काय? लिहा ना.

झुळूक:
पुस्तकं शोधायच्या कार्डांचे ड्रॉवर!! लेखक, शीर्षक, विषय. सळईत ओवलेली कार्डं, हात लागून लागून कडा मऊ झालेल्या.

मधला बाक:
फळीसमोर बसायला मिळालं, नशीबवान आहात. आमची कपाटं कुलपात. चिठ्ठी द्यायची, तासाभराने ‘नाही’ असा शेरा मारून परत. चाळायलाच मिळालं नाही तर हवं ते हेच, हे कळणार कसं? ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली, त्यातलं पहिलंच आहे की पुस्तकं वापरासाठी असतात.

झुळूक:
अरेरे. तिन्ही वर्षं असंच?

मधला बाक:
शेवटच्या वर्षी नव्या ग्रंथपाल बाई आल्या. आठवड्यात कुलपं निघाली.

शेवटचं पान:
बुक बँक कुणीच कशी लिहिली नाही! वर्षभराचा संच एकदम घरी. माझ्या आधी कुणीतरी अवघड गणितांपुढे पेन्सिलने चांदण्या काढल्या होत्या. तेवढी गणितं दोनदा सोडवली, पेपर सोपा गेला. कोण होतं कधीच कळलं नाही.

कानसेन:
मला दिसत नाही. लायब्ररीतल्या एका संगणकावर एनव्हीडीए होतं, पडद्यावरचं वाचून दाखवतं, फुकट मिळतं. पण स्कॅन केलेलं पान म्हणजे त्याच्या लेखी नुसता फोटो, आधी ओसीआर करावं लागतं, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करायचा. तिथले एक काका रोज दुपारी माझी प्रकरणं स्कॅन करायचे आणि ओसीआरमध्ये बिघडलेली जोडाक्षरं एकेक करून सुधारायचे. ते नसते तर तो संगणक असून नसल्यासारखा. बाकीचं नंतर, बस आली.

वहीवाली:
कानसेन, सावकाश लिहा. काकांबद्दल अजून वाचायचंय.

घाईत:
विषयांतर करतेय, पण मुलीची ई-जर्नल्स घरून उघडत नाहीत. कॉलेजात उघडतात.

झुळूक:
बऱ्याचदा ती कॉलेजच्या नेटवर्कचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, ओळखून उघडतात. घरून वेगळं लॉगिन लागतं. ग्रंथपालांना विचारायला सांगा, पुष्कळ ठिकाणी असतं, मुलं मागतच नाहीत.

घाईत:
लगेच फोन करते तिला.