छोटी क्रॉसओव्हर घेताना पैसे इंजिनात घालावेत की फीचर्समध्ये?

वाटसरू (धागाकर्ता):
परवडणारी छोटी क्रॉसओव्हर (एसयूव्हीसारखी दिसणारी उंच मोटार) घ्यायची ठरली की बजेट संपता संपता बहुतेकांसमोर दोन पर्याय उरतात. टर्बो इंजिन (एक्झॉस्टच्या जोरावर जास्त हवा आत दाबणारं) असलेलं मधलं व्हेरिएंट, किंवा त्याच गाडीचं साधं इंजिन आणि त्यावर सनरूफ, मोठा स्क्रीन, ३६० अंशांचा कॅमेरा असं सगळं चढवलेलं टॉप व्हेरिएंट. किमतीत फारसा फरक नसतो. माझं मत स्पष्ट आहे: इंजिन घ्या. स्क्रीन आणि कॅमेरा नंतर बसवता येतात, टर्बो येत नाही.

थोडा हिशेब मांडतो. या गाड्यांचं वजन साधारण एक टन किंवा थोडं जास्त. एक लिटरचं, तीन सिलिंडरचं, टर्बो नसलेलं इंजिन ७० अश्वशक्ती आणि ९५ न्यूटन-मीटर टॉर्कच्या (फिरवण्याच्या जोराच्या) आसपास देतं. तेवढ्याच आकाराचं टर्बो इंजिन १०० अश्वशक्ती आणि १६० न्यूटन-मीटरपर्यंत जातं. पण ब्रोशरमधले हे कमाल आकडे बाजूला ठेवा, २००० आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला २००० फेऱ्यांना) काय मिळतं ते बघा, कारण रोज आपण तिथेच असतो. टर्बोचे १६० न्यूटन-मीटर तिथे ४५ अश्वशक्ती होतात. साध्या इंजिनाने त्याच ठिकाणी ९० दिले तरी जेमतेम २५-२६. आता गाडीत चार माणसं आणि सामान भरा, एसी लावा आणि चढाला लागा.

ओव्हरटेकचंही तेच. दुपदरी रस्त्यावर तुम्ही ८० ने जाताय, समोरचाही ८० ने येतोय, तर दर सेकंदाला मधलं अंतर ४४ मीटरने घटतं. ओव्हरटेकला तीन सेकंद जास्त लागले तर रस्ता १३० मीटर जास्त मोकळा हवा. म्हणून ताकदवान इंजिन ही चैन आहे असं मला वाटत नाही.

आभा:
असहमत. हिशेब बरोबर आहे, पण तुम्ही तो ज्या रस्त्यावर मांडलाय तिथे अनेकांची गाडी महिन्यातून एकदा जाते. माझं ड्रायव्हिंग जवळजवळ सगळं शहरातलं आहे, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. तिथे छोट्या टर्बोची मजा कुठे येते? १५०० आरपीएमच्या खाली एक्झॉस्टमध्ये टर्बाइन फिरवण्याइतका जोर नसतो. गाडी आधी मरगळलेली वाटते आणि मग एकदम पुढे झेपावते. साधं इंजिन पाय दाबाल तेवढंच आणि लगेच उत्तर देतं. गर्दीत मला तेच हवं असतं.

दुसरं म्हणजे, फीचर्स म्हणजे फक्त सनरूफ असं तुम्ही धरलंय. पार्किंग कॅमेरा मी दिवसातून कितीदा वापरते! या गाड्यांची मागची काच अरुंद, बाजूचे खांब जाड. मागे उभं असलेलं लहान मूल आरशात दिसतच नाही. ड्रायव्हर सीटची उंची कमी-जास्त करता येणं, स्टिअरिंग पुढे-मागे होणं हे तुमच्यासारख्या उंच माणसाला किरकोळ वाटेल, पण माझ्या उंचीला त्यावरच पुढचं बॉनेट दिसतं की नाही ते ठरतं. बऱ्याच गाड्यांत हे सगळं वरच्याच व्हेरिएंटमध्ये मिळतं.

गिअरदांडा:
दोघांच्या मध्ये पडतो, पण झुकतो वाटसरूंकडे.

छोटं टर्बो म्हणजे कमअस्सल इंजिन हा समज आता सोडायला हवा. फोर्डच्या एक लिटर, तीन सिलिंडर इकोबूस्टने २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षं ‘इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर’ पटकावलं होतं. त्याचा ब्लॉक ए-४ कागदावर मावतो. उंचावर गेलात तर फरक आणखी वाढतो. दर हजार मीटरला हवा साधारण दहा टक्के विरळ होते आणि साधं इंजिन जवळपास तेवढीच ताकद गमावतं. टर्बो ती तूट बरीचशी भरून काढतो.

आता आभा यांच्या बाजूचं. टर्बोला शिस्त लागते. ऑइल गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच, आणि वेळेवर. त्याच ऑइलवर टर्बोचं बेअरिंग जगतं आणि टर्बाइनच्या फेऱ्या मिनिटाला लाखाच्या वर जातात. लांबचा चढ चढून आल्यावर लगेच चावी फिरवू नका, अर्धा-एक मिनिट इंजिन चालू राहू द्या. काही इंजिनांत टायमिंग बेल्ट ऑइलमध्ये भिजलेला असतो. तिथे चुकीचं ऑइल घातलं तर बेल्टचा भुगा ऑइल पंपाच्या जाळीत अडकतो. गाडी दहा-बारा वर्षं ठेवणार असाल आणि सर्व्हिसिंगकडे लक्ष देणं जमणार नसेल, तर साधं इंजिन घ्या. हे मी मनापासून सांगतोय.

मायलेजचं कोष्टक टर्बोवाल्यांनी विसरावं. पाय हलका असेल तर आकडा मिळतो, टर्बोच्या जोरावर चालवलीत तर इंधन त्या प्रमाणात जाणारच.

सावकाश:
मला तर मूळ प्रश्नच पटला नाही. क्रॉसओव्हरच का? त्याच पैशात चांगल्या इंजिनाची हॅचबॅक येते, आणि ती जास्त सुरक्षित वळते.

१९९४ साली टोयोटाने आरएव्ही-४ आणली तेव्हापासून हा प्रकार मुळात उंच केलेली मोटारच आहे. मोनोकॉक बांधणी, म्हणजे बॉडी हाच सांगाडा; खाली ट्रकसारखी वेगळी लॅडर फ्रेम नाही. स्वस्त क्रॉसओव्हर तर बहुतेक फक्त पुढच्या चाकांवर चालतात. भरलेली गाडी ओल्या मातीच्या चढावर न्या: वजन मागे सरकतं, पुढची चाकं हलकी होऊन जागीच फिरतात. नुसत्या उंचीने एसयूव्ही होत नाही.

त्या उंचीची किंमतही आहे. डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट, हा गाडीच्या स्थिरतेचा साधा मापदंड. अंतर १.५ मीटर धरा. गुरुत्वमध्य ५५ सेंटिमीटरवर असेल तर उत्तर १.३६ येतं, ६५ वर असेल तर १.१५. आकडा जितका लहान, तितकी गाडी उलटायला सोपी. १९९७ साली मर्सिडीजची ए-क्लास, उंच बांध्याची छोटी गाडी, एका स्वीडिश मासिकाच्या चाचणीत उलटली होती. अडथळा चुकवायला झटकन वळवायची आणि परत आपल्या लेनमध्ये आणायची, एवढीच ती चाचणी. त्यानंतर कंपनीने सस्पेंशन बदललं आणि प्रत्येक ए-क्लासमध्ये ईएसपी (घसरती गाडी सावरणारी यंत्रणा) बसवायला सुरुवात केली.

वाटसरू:
सावकाश, उत्तम प्रतिसाद. पण निष्कर्ष मी वेगळा काढतो. ईएसपी, म्हणजेच ईएससी, घसरणाऱ्या गाडीचं एकेक चाक वेगळं ब्रेक करून तिला सरळ ठेवते. अमेरिकेत २०१२च्या मॉडेलपासून आणि युरोपात २०१४पासून नव्या मोटारींना ती सक्तीची आहे. म्हणजे उंच गाडीवरचा उपाय सापडलेला आहे. ज्या व्हेरिएंटमध्ये तो नाही ते यादीतून काढून टाका, इंजिन कुठलंही असो.

आभा यांचा एक मुद्दा पूर्ण मान्य. सुरक्षेची फीचर्स आणि मिरवायची फीचर्स मी एकाच ओळीत बसवायला नको होती. सहा एअरबॅग, ईएससी, मागच्या सीटवर मधल्या माणसालाही तीन-बिंदू पट्टा, उंची बदलणारी सीट, यांना इंजिनाच्याही आधी जागा. सनरूफला मात्र शेवटची. छतावर काच आणि तिची यंत्रणा, म्हणजे वजन नेमकं नको तिथे, सर्वात वर.

ग्राउंड क्लिअरन्सच्या (जमीन आणि गाडीच्या पोटामधल्या अंतराच्या) आकड्यावर माझाही फार विश्वास नाही. बरेच आकडे रिकाम्या गाडीचे असतात. पाच माणसं बसली की मागचं सस्पेंशन दबतं आणि दोनशे मिलिमीटरमधले बरेच तिथेच जातात. शिवाय उंच गतिरोधकावर पोट घासेल की नाही हे व्हीलबेसवरही (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतरावरही) ठरतं. तरी हॅचबॅकपेक्षा ती तीस-चाळीस मिलिमीटरने वर असते आणि खराब रस्त्यावर तेवढ्याने सुटका होते.

आभा:
आणि गुडघे? उंचीच्या चर्चेत हा मुद्दा कुणीच घेतला नाही. हॅचबॅकमध्ये खाली बसावं लागतं आणि उठताना हाताचा आधार लागतो. क्रॉसओव्हरची सीट कमरेच्या पातळीला येते, माणूस नुसता सरकून बसतो. माझ्या आईला गाडीत बसणं नकोसं होण्याचं कारणच हे होतं. सावकाश, तुमच्या १.३६ मध्ये हे येत नाही.

स्क्रीनबद्दल मात्र वाटसरूंशी सहमत. एसीचा वेग बदलायला तीन मेनू उघडायचे असतील तर तो स्क्रीन धोक्याचाच. २०२६पासून युरो एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या युरोपीय संस्थेच्या गुणांकनात इंडिकेटर, हॉर्न, वायपर, हझार्ड लाइट यांसाठी वेगळी बटणं किंवा दांडे नसतील तर गुण कापले जाणार, ते योग्यच आहे. एसीलाही हा नियम लावायला हवा होता.

नवखा:
मला ऑटोमॅटिक हवी आहे. एएमटी की सीव्हीटी? चढ बराच आहे.

गिअरदांडा:
टर्बोबरोबर सीव्हीटी. एएमटी म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सच, क्लच आणि गिअर यंत्र बदलतं. स्वस्त, मायलेज चांगलं, पण चढावर ऐन वेळी गिअर बदलताना जोर क्षणभर तुटतो. सीव्हीटीमध्ये पट्टा दोन पुलींवर सरकत राहतो, जोर तुटत नाही. जोरात पाय दिला की आरपीएम आधी चढतात आणि वेग मागून येतो. तो आवाज काहींना सहन होत नाही, ते चालवूनच ठरवा. आणि हिल होल्ड (चढावर ब्रेक सोडल्यावर गाडी मागे जाऊ न देणारी सोय) आहे ना ते बघाच.

टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका. घरचे चौघं बसवा, एसी पूर्ण लावा, चढावर गाडी थांबवून पुन्हा निघा. मग ४० वरून ८० पर्यंत सरळ पाय दाबा. आधी साध्या इंजिनाची चालवा, नंतर टर्बोची. विक्रेता सपाट रस्त्यावरची छोटी फेरी सुचवेल, तिला नाही म्हणा.

सावकाश:
आणि त्याच दिवशी एक हॅचबॅकही चालवा.

आभा:
चालवा जरूर, पण मागच्या सीटवर घरातलं सर्वात वयस्कर माणूस बसवून. उतरल्यावर त्यांनाच विचारा.