मंडळीत दोन गट पडलेत, सह्यांचा कागद फिरतोय. ख्रिस्ताशी निष्ठा ठेवायची म्हणजे नेमकं काय करायचं?

मार्था_ऐरोली

सर्वांना सलाम.

आमची मंडळी (चर्चची सभा) ऐरोलीत शाळेच्या हॉलमध्ये भरते, साठेक कुटुंबं आहेत. पाळकसाहेब (पास्टर) आणि सहायक पाळक यांचं बिनसलंय आणि दोन महिन्यांत मंडळी उभी चिरल्यासारखी झालीय. व्हॉट्सअ‍ॅपचे दोन ग्रुप झाले. एकीकडे "आम्ही पाळकसाहेबांच्या पाठीशी आहोत" असा कागद घरोघर फिरतोय. दुसरीकडे तरुण संघातली मुलं सहायक पाळकांना घेऊन वेगळी उपासना सुरू करायच्या बेतात आहेत. शिवाय पाचसहा घरं म्हणतात, आम्हाला पाळकच नको, आम्ही फक्त ख्रिस्ताचे. ती शनिवारी घणसोलीला एका घरी जमतात.

आरोप दोन आहेत. वर्षभर दानार्पणाचा हिशेब वाचून दाखवलेला नाही, हा एक. सहायक पाळक चुकीची शिकवण देतात, हा दुसरा. कोणती शिकवण, ते मात्र कुणी सांगत नाही. फार विचारलं की "देवाच्या अभिषिक्ताला (देवाने नेमलेल्याला) हात लावू नका" म्हणून गप्प करतात.

सासूबाईंनी सही केलीय, दीर दुसऱ्या ग्रुपमध्ये आहेत. आम्ही दोघं कुठेच नाही, म्हणून दोन्हीकडून विचारणा होते, "तुम्ही कुणाचे?" ख्रिस्ताचे म्हटलं तर घणसोलीवाल्यांत मोजतात. पहिल्या रविवारी प्रभुभोजन (येशूच्या मरणाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी) आहे. काय करावं आणि काय टाळावं, हे जाणकारांनी नीट सांगावं.

करिंथ_वाचक

मार्थाताई, "ख्रिस्ताचे" म्हटलं की तिसऱ्या गटात मोजतात, हे करिंथातही झालेलं दिसतं. करिंथ या ग्रीक शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, १ करिंथ १:१२ मध्ये, प्रेषित पौल तिथल्या गटांच्या चार घोषणा लिहितो: मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा, मी केफाचा (म्हणजे पेत्राचा), मी ख्रिस्ताचा. चौथी घोषणा पौलाची स्वतःची आहे असं काही भाष्यकार मानतात, पण चारही घोषणा एकाच साच्यात आहेत आणि चौथीला तो वेगळं काढत नाही. बाकीच्या भावंडांपासून वेगळं होण्यासाठी ख्रिस्ताचं नाव वापरलं की तेही गटाची पाटीच होतं. घणसोलीच्या घरांनी हे वचन शांतपणे वाचावं.

आता त्या भांडणाची घडण पाहा. पौल करिंथात दीड वर्ष होता (प्रेषितांची कृत्ये १८:११), गल्लियो तिथे सुभेदार असताना. डेल्फीला सापडलेल्या शिलालेखावरून हा काळ इ. स. ५१-५२ च्या आसपासचा ठरतो. पौल गेल्यावर आलेक्सांद्रियाचा अपुल्लोस आला, उत्तम वक्ता. लोकांनी तुलना सुरू केली. पण पत्राच्या शेवटी, १६:१२ मध्ये, पौल लिहितो की अपुल्लोसाने तुमच्याकडे यावं म्हणून मीच त्याला फार विनवलं, पण त्याची आता यायची इच्छा नव्हती. म्हणजे ज्यांच्या नावाने लोक भांडत होते त्या दोघांत वैर नव्हतंच. तुमच्याकडेही पहिली पायरी हीच असू द्या. दोन्ही पाळकांना एका खोलीत, मंडळीच्या दोनतीन वडीलजनांसमोर (नेमलेल्या वडिलधाऱ्यांसमोर) विचारा: तुमच्यात वाद आहे का, आणि असला तर कशावरून? ग्रुपवर फिरतंय त्यातलं निम्मं तिथेच गळून पडतं.

दुसरी गोष्ट, पौल बातमी कुणाकडून आली ते उघड लिहितो: ख्लोवे नावाच्या बाईच्या माणसांकडून. नाव नसलेला फॉरवर्ड मंडळीत पुरावा म्हणून धरू नका.

१:१० मध्ये फुटीसाठी आलेला ग्रीक शब्द शुभवर्तमानात जुन्या वस्त्राच्या फाटण्यासाठी आलाय (मार्क २:२१). आणि "जोडलेले व्हा" या अर्थाचं त्याच वचनातलं क्रियापद मार्क १:१९ मध्ये जब्दीचे मुलगे मचव्यात बसून जाळी नीट करतात तिथे आहे. खाडीकाठच्या कोळीवाड्यात जाळं विणताना पाहिलंय त्याला हे चटकन कळेल. फाटलेला भाग कापून टाकत नाहीत, एकेक घर शोधून पुन्हा गाठ मारतात. काम डोळे फोडणारं आणि सावकाश.

३:५ मूळ ग्रीकच्या जुन्या प्रतींत "अपुल्लोस कोण?" असं नाही, "अपुल्लोस काय आहे? पौल काय आहे?" असं आहे. उत्तर: सेवक. आणि ३:२१-२३ मध्ये तो सगळी घोषणाच उलटी करतो. तुम्ही पौलाचे नाही, पौल तुमचा. अपुल्लोसही तुमचा, केफाही तुमचा, आणि तुम्ही ख्रिस्ताचे. म्हणून "तुम्ही कुणाचे?" याला माझ्या मते पूर्ण उत्तर असं: "पाळकसाहेब आमचे, सहायक पाळकही आमचे, आणि आम्ही सगळे ख्रिस्ताचे." हे म्हटलं की कुणाला तुम्हाला तिसऱ्या गटात ढकलता येत नाही.

अभिषिक्ताचं वचन स्तोत्र १०५:१५ चं आहे. तिथे विषय अब्राहाम, इसहाक, याकोब यांचा, आणि धमकी राजांना आहे. परक्या देशात फिरणाऱ्या दुबळ्या कुटुंबाला राजांनी इजा करू नये म्हणून. हिशेब विचारणाऱ्या मंडळीला गप्प करायला ते वापरणं म्हणजे वचनाची दिशाच फिरवणं. दाविदाने अभिषिक्त राजा शौल याच्यावर हात टाकला नाही हे खरं, पण १ शमुवेल २४ मध्येच तो गुहेबाहेर येऊन, सगळ्यांना ऐकू जाईल असं, शौलाला त्याची चूक सांगतो. आणि १ योहान २:२० प्रमाणे अभिषेक सगळ्या विश्वासणाऱ्यांना आहे.

हिशेबतपासनीस_कळवा

वरचं वचनाचं सगळं मान्य. मी फक्त कागद आणि पैसा यांबद्दल लिहितो, कारण तिथे संशय राहिला की बाकीचं सगळं वाया जातं.

कागदावर सही करू नका, कुठल्याच बाजूच्या. सह्यांचं पान मजकुराच्या पानापासून वेगळं असेल तर ते नंतर कुठल्याही ठरावामागे लावता येतं. विश्वस्त बदलल्याचा दावा करताना असं पान "सभेची उपस्थिती" म्हणून पुढे आलं की भांडण वर्षानुवर्षं चालतं. सासूबाईंनी केलीच असेल तर मजकुराच्या पानासकट झेरॉक्स मागून घ्या. मिळत नसेल तर "मी फक्त अमुक मजकुरावर अमुक तारखेला सही केली" असं दोन ओळींचं पत्र सेक्रेटरीला देऊन पोच घ्या.

दानार्पणाचं कुठे बिघडतं ते बघा. थैली मोजायला कुणाच्या तरी घरी जाते. मानधन किंवा हॉलचं भाडं थैलीतूनच रोख दिलं जातं आणि उरलेलीच रक्कम वहीत येते. हल्ली तिसरी भर पडलीय, हॉलच्या दाराशी लावलेला क्यूआर कोड मंडळीच्या खात्याऐवजी एखाद्या व्यक्तीच्या खात्याला जोडलेला असतो. यात चोरी असेलच असं नाही, बहुतेक वेळा आळस असतो. पण वर्षभरानंतर आळस आणि चोरी वेगळी दाखवता येत नाही, आणि मग निष्पाप माणूसही अडकतो.

पद्धत अशी ठेवा. उपासना संपताच, हॉल सोडण्याआधी, एकमेकांचे नातेवाईक नसलेल्या दोघांनी मोजायचं. ५०० च्या किती, २०० च्या किती, १०० च्या किती, नाणी किती, हे वहीत लिहून दोघांनी तिथेच सही करायची. दशांशाची (मिळकतीच्या दहाव्या भागाची) पाकिटं फोडल्यावर पाकिटावरचा आकडा आणि आतली रक्कम जुळवायची आणि पाकिटं जपून ठेवायची. सोमवारी पूर्ण रक्कम बँकेत, काही न काढता, आणि भरणा पावती त्याच पानावर चिकटवायची. खर्च चेकने, दोन सह्यांनी. पाळकाने मोजायलाही बसू नये आणि खात्यावर एकट्याची सहीही ठेवू नये. हा अविश्वास नाही. यरुशलेमच्या मदतीचे पैसे नेताना पौलाने सोबत माणसं घेतली, कुणी दोष लावू नये म्हणून (२ करिंथ ८:२०-२१), आणि हे त्याने करिंथकरांनाच लिहिलं.

तुमची मंडळी स्वतंत्र सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल तर तिला १९५० चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम लागतो. हिशेब ३१ मार्चला बंद करून तपासून घ्यावे लागतात. विश्वस्त बदलले तर कलम २२ खाली ९० दिवसांत बदल अर्ज, म्हणजे चेंज रिपोर्ट द्यायचा असतो. स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही (कलम ३६). नोंदणी क्रमांक माहीत असेल तर ठाण्याच्या धर्मादाय कार्यालयातून शेड्यूल एकचा (न्यासांच्या नोंदवहीचा) उतारा काढा, त्यात विश्वस्त म्हणून कुणाची नावं आहेत ते दिसेल. दोन्ही गटांत पंचवीस जण "आम्हीच कमिटी" म्हणत असतात आणि उतारा वेगळंच सांगतो. मोठ्या संप्रदायाखालची मंडळी असेल तर जागा बहुधा वरच्या ट्रस्टच्या नावावर असते, तेव्हा आधी ते पाहा.

१ करिंथ ६ मध्ये पौल भावाभावांनी कोर्टात जाऊ नये म्हणतो, त्यामुळे कुणी म्हणेल, हे कोर्टात जाणं झालं. उतारा काढणं आणि हिशेब तपासून घेणं हा दावा नव्हे, कायद्याने लादलेलं रोजचं काम आहे. दावा ही वेगळी गोष्ट. तिथे पौलाचा प्रश्न आधी स्वतःला विचारा: तुमच्यात एकही शहाणा नाही का, जो भावाभावांत निवाडा करील?

बिरुया_ठाणे

करिंथ_वाचक यांच्या उत्तरात एक भर घालतो, कारण ते वाचून कुणाला वाटेल की फूट नेहमी स्वभावाचीच असते. कधीकधी शिकवण खरंच चुकलेली असते, आणि तेव्हा "दोघेही आमचे" म्हणून भागत नाही. गलती १:८ मध्ये पौल स्वतःलाही सोडत नाही. आम्हीच दुसरी सुवार्ता (येशूबद्दलचा मूळ संदेश सोडून वेगळा संदेश) सांगितली तरी शाप असो, म्हणतो. अंत्युखियात त्याने केफाला सगळ्यांसमोर अडवलं (गलती २:११-१४), आणि तोही यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांच्या पंक्तीला नुसतं न बसण्यावरून, कारण त्या न बसण्यात सुवार्ता मोडत होती.

म्हणून "चुकीची शिकवण" हा शब्द तसाच सोडू नका. आरोप करणाऱ्याला कागदावर चार गोष्टी लिहायला सांगा: तारीख, कोणता उतारा होता, उच्चारलेलं वाक्य जसंच्या तसं, आणि ते कोणत्या वचनाशी जुळत नाही. रेकॉर्डिंग असेल तर पूर्ण ऐका, तुकडा नको. मग पाहा की हरकत कशाला आहे. ख्रिस्त कोण, तो आपल्या पापांबद्दल मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठला (१ करिंथ १५:३-४), तारण कृपेने, यांना धक्का असेल तर गंभीर. टाळ्या, ड्रम, उपासनेची वेळ, मराठीत किती आणि हिंदीत किती, हे रोम १४ चे विषय, म्हणजे ज्यांत एकमेकांचं वेगळं मत सहन करायचं असे. चार गोष्टी लिहायला सांगितल्यावर बरेच आरोप दुसऱ्या प्रकारात येतात. पहिल्या प्रकारातला असेल तर तो लपवू नका, कितीही आवडता माणूस असो.

पाळकावरचा आरोप दोन किंवा तीन साक्षीदारांशिवाय घ्यायचाच नाही (१ तीमथ्य ५:१९). पण पुढचं वचनही वाचा: पाप करत राहणाऱ्याला सगळ्यांसमोर दोष दाखवायचा, आणि २१ व्या वचनात कुणाची बाजू न घेता. एक गट १९ वर थांबतो, दुसरा थेट २० पासून सुरू करतो. साक्षीदार म्हणजे स्वतः पाहिलेला किंवा ऐकलेला माणूस. "सगळे म्हणतात" हा साक्षीदार नाही.

माणूस ओळखायला मी एकच खूण धरतो. प्रेषितांची कृत्ये २०:३० मध्ये पौल इफिसच्या वडिलांना सांगतो की तुमच्यातूनच काही उठतील आणि शिष्यांना "आपल्या मागे" ओढून घेतील. कुठल्या पाळकाच्या बोलण्यात "माझी मुलं, माझी मंडळी, माझ्याशिवाय" हे वाढतंय, ते ऐकत राहा. ३ योहान मधला दियत्रफेस हाच, त्याला पहिला मान हवा होता, आणि त्याच्या मनासारखं न वागणाऱ्याला तो मंडळीबाहेर काढायचा.

तरुण संघाला एक सांगायला हवं. करिंथात पौलानंतर चाळीसेक वर्षांनी पुन्हा फूट पडली. तेव्हा दोष नसलेल्या वडीलजनांना काढून टाकलं गेलं होतं, आणि रोमच्या मंडळीने इ. स. ९६ च्या सुमारास त्यांना लांब पत्र लिहिलं, क्लेमेंटचं पहिलं पत्र म्हणतात ते. त्यात तरुण वडिलांवर उठले असं म्हटलंय, आणि पौलाचं पत्र काढून वाचा, तेव्हाही तुम्ही असेच गट केले होते, अशी आठवण आहे. वेगळी उपासना सुरू करणं फार सोपं असतं, हॉल मिळतो, गिटार असतेच. दोनतीन वर्षांनी तिथेही "मी अमक्याचा" सुरू होतं, कारण ती सवय बरोबर नेलेली असते.

मार्था_ऐरोली

खूप उपयोग झाला. सहीच्या पानाची झेरॉक्स आजच मागते. एक अडलंय. सासूबाई म्हणतात, पाळकसाहेबांनी आपल्या घरातल्या सगळ्यांचा बाप्तिस्मा केला, मामंजींच्या आजारपणात रात्री-बेरात्री दवाखान्यात येऊन प्रार्थना केली, आता सही नाही दिली तर कृतघ्नपणा होईल. त्यांना काय सांगू? आणि प्रभुभोजनाला बसावं का?

करिंथ_वाचक

सासूबाईंचं ऋण खरं आहे, ते कमी लेखू नका. पौल स्वतः १ करिंथ ४:१५ मध्ये "मी तुमचा बाप" म्हणतो, आणि १ थेस्सलनीका ५:१२-१३ मध्ये श्रम करणाऱ्यांना प्रेमाने फार मान द्या असं सांगतो. तो मान द्यायला सही लागत नाही. पाळकसाहेबांच्या घरी जा, जेवायला बोलवा, मानधन वेळेवर आणि पूर्ण मिळतंय का ते कमिटीत विचारा, त्यांची निंदा सुरू झाली की तिथून उठा. कागदावर सही दिली की ऋण दुसऱ्या माणसाविरुद्ध वापरलं जातं, आणि ते पाळकसाहेबांनी मागितलेलं असेलच असंही नाही.

बाप्तिस्म्याबद्दल १:१४-१६ त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. पौल म्हणतो, क्रिस्प आणि गायस यांच्याशिवाय मी तुमच्यापैकी कुणाचा बाप्तिस्मा केला नाही, हे बरंच झालं. मग आठवतं, हो, स्तेफनसाच्या घरच्यांचाही केला. आणखी कुणाचा केला असेल तर आठवत नाही. ज्याने बाप्तिस्मा केला तोच मोजदाद विसरलाय, कारण नाव त्याचं नव्हतं.

प्रभुभोजनाला नक्की बसा. अकराव्या अध्यायात पौल "अयोग्य प्रकारे" म्हणतो तेव्हा त्याच्यासमोर हीच फूट आहे, काही जण आधी उरकून घेत होते आणि काही उपाशी राहत होते. गटानुसार रांगा लागल्या तर तुम्ही त्या मोडा, सासूबाई आणि दीर दोघांना एकाच रांगेत घेऊन बसा. आदल्या दिवशी दिरांशी बोलून घ्या, काही बोललं गेलं असेल तर तिथेच क्षमा मागा. ते उशिरा येणार असतील तर फोन करा आणि दारापाशी थांबा. ११:३३ मध्ये तेच आहे: जेवायला जमाल तेव्हा एकमेकांची वाट पाहा.