‘शहर बदललं’ म्हणजे कोणी काय बदललं?

टाचणवही

परदेशातल्या एका शहरात पंधरा-वीस वर्षं काढलेल्या लोकांबद्दलचा मजकूर मराठीत आणायचा आहे. एवढ्या वर्षांत ते शहर त्यांच्यासाठी कसं पालटलं, हा विषय. तीन ठिकाणी घोडं अडलंय.

एक, ‘एक्सपॅट’, म्हणजे मायदेश सोडून परदेशात राहणारा. भाषांतराच्या यंत्राला विचारलं की दर वेळी ‘प्रवासी’ हेच उत्तर येतं. दोन, ‘शहर बदललं’. वाक्य साधं दिसतं, पण अर्धे वाचक ‘माणसाने शहर बदललं’ असं वाचतात. तीन, ‘जेंट्रिफिकेशन’, म्हणजे पैसेवाले आल्याने वस्ती महागून आधीचे लोक हलणं. यासाठी चार शब्द सापडले, चारही गळी उतरत नाहीत.

कोशकिडा

‘प्रवासी’ आधी बाद करा, पण तो आला कुठून ते बघून. प्र + वस्. वस् म्हणजे राहणं. संस्कृतात प्रवास म्हणजे घरापासून लांब जाऊन राहणं. हिंडणं-फिरणं त्यात नंतर आलं. याच धातूपासून ‘प्रोषित’. अष्टनायिकांमधल्या प्रोषितभर्तृकेचा नवरा परमुलखात राहिलेला असतो, गाडीत बसलेला नसतो. हिंदीत आणि बंगालीत हा अर्थ जिवंत आहे, म्हणून ९ जानेवारीच्या ‘प्रवासी भारतीय दिवसा’चं नाव तिकडे कोणाला खटकत नाही. (२००३ पासूनचा हा दिवस, १९१५ साली गांधीजी दक्षिण आफ्रिकेतून परत आले ती तारीख.) मराठीत मात्र प्रवासी म्हणजे तिकीट काढून बसलेला. ‘दीर्घकालीन प्रवासी’ लिहिलंत तर लांब पल्ल्याची गाडी डोळ्यांपुढे येईल.

‘निर्वासित’ही नको. काही कोशांत ‘एक्सपॅट्रिएट’पुढे तो दिसतो, कारण त्या इंग्रजी क्रियापदाला हद्दपार करण्याचा जुना अर्थ आहे. पण निर्वासित म्हणजे घालवून दिलेला किंवा जीव वाचवायला निघालेला. त्याला १९५१च्या आंतरराष्ट्रीय कराराने कायदेशीर अर्थही आहे. नोकरीच्या करारावर गेलेल्याला तो लावणं दोघांवरही अन्याय.

‘स्थलांतरित’ चुकीचा नाही, फक्त फार मोठा आहे. शेजारच्या तालुक्यात ऊसतोडीला गेलेलाही त्यात येतो. संयुक्त राष्ट्रांच्या १९९८च्या शिफारशींत किमान १२ महिने नेहमीचा देश सोडून राहिलेला माणूस ‘दीर्घकालीन’ स्थलांतरित धरला जातो. तुमच्या मजकुरातला ‘दीर्घ’ पंधरा वर्षांचा आहे, तेव्हा हा शब्द वापरलात तर वर्षांचा आकडा सोबत द्या.

परभृत

शब्द निवडण्याआधी वाक्य कुठे उभं राहून बोललं जातंय ते बघायला हवं. ‘परदेशस्थ’ हा मायदेशात बसलेल्याचा शब्द आहे. ‘-स्थ’ म्हणजे तिथे असलेला; देशस्थ, कोकणस्थ तसा परदेशस्थ. आता तोच माणूस त्या शहराच्या बाजूने बघा. तो परदेशात कुठे आहे? तो तर इथेच, पलीकडच्या गल्लीत आहे. शहराच्या तोंडी ‘आमचे परदेशस्थ’ आलं की याच शहरातून बाहेर गेलेले असा उलटा अर्थ निघतो. तिथे ‘परदेशी रहिवासी’ हवं.

‘अनिवासी’ तर मुळीच नको. तो चलनाच्या आणि आयकराच्या कायद्यांतला शब्द आहे. फेमा म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायदा, १९९९ मध्ये मोजणी १८२ दिवसांवर आहे, शिवाय माणूस कशासाठी आला-गेला तेही बघतात. नागरिकत्व हा तिथे निकष नाही. तो शब्द भारतापुरता ‘निवासी नसलेला’ एवढंच सांगतो. ज्या शहरात हे लोक वीस वर्षं राहतायत, त्याच्यावरच्या मजकुरात त्यांना अनिवासी म्हणणं म्हणजे गंमतच.

‘स्थायिक’ लिहिताना हात आखडता घ्या. दर दोन-तीन वर्षांनी परवान्याचं नूतनीकरण करावं लागणारा माणूस स्थायिक नसतो, मग वीस वर्षं का होईनात. अशा माणसासाठी ‘वास्तव्य’ बरा: राहतोय एवढं सांगतो, कायमचं की कसं यावर गप्प बसतो. ‘अधिवास’ हा आणखी वेगळा आणि कायद्याचा. वास्तव्यं दोन ठिकाणी असू शकतात, अधिवास एका वेळी एकच.

टाचणवही

मग ‘मुक्काम’ कसा? परतीचा विचार डोक्यात असतोच, या अर्थी?

परभृत

पंधरा वर्षांच्या मुक्कामात उपरोध येतो. तो हवा असेल तर खुशाल घाला. तसंही पिढ्यान्‌पिढ्या एका जागी राहिलेल्यांच्या पत्त्यावर आपण ‘मु. पो.’ लिहितोच की! बोली मजकूर असेल तर ‘बिऱ्हाड’ अजून नेमका: भाड्याची जागा, संसार पुरा, मालकी नाही. विंचवाच्या बिऱ्हाडाची म्हण त्याच्यामागे उभी आहे, ती फुकटात मिळते.

काना-मात्रा

दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. खरी अडचण व्याकरणातच आहे.

‘बदलणे’ सकर्मकही आहे आणि अकर्मकही. भूतकाळात सकर्मक क्रियापद कर्माशी जुळतं: ‘तिने शहर बदललं.’ यातली ‘तिने’ गाळली की उरतं ‘शहर बदललं’, आणि ते अकर्मक वाक्यासारखं हुबेहूब दिसतं. मराठीत कर्ता गाळायची सवय सगळ्यांनाच, म्हणून घोटाळा. वर्तमानकाळात बहुधा सुटका होते: ‘शहर बदलतंय’ आणि ‘शहर बदलतोय’ यांत कोण बदलतंय ते क्रियापदच सांगतं. भविष्यात पुन्हा फसगत. ‘लवकरच शहर बदलेल’ : कोण बदलेल?

उपाय शब्दकोशात शोधू नका, सहायक क्रियापदात आहे. ‘शहर बदलत गेलं’ म्हटलं की अर्थ एकच. कारण ‘जाणे’ अकर्मक, ते कर्त्याशीच जुळणार. माणूस बदलत असता तर ‘तो शहरं बदलत गेला’ झालं असतं. ‘शहर बदलून गेलं’ हेही तसंच निःसंदिग्ध.

पण या दोघांत फरक आहे आणि तुमच्या विषयाचा गाभाच तो आहे. ‘बदलत गेलं’ हे तिथे राहिलेल्याचं वाक्य. रोज थोडं थोडं: एक दुकान बंद, एक रस्ता एकेरी, शेजारी नवा. ‘बदलून गेलं’ हे मध्ये खंड पडलेल्याचं. तो दहा वर्षांनी येतो आणि त्याला सगळं एकदम दिसतं. वीस वर्षं सलग राहिलेल्याच्या तोंडी ‘बदलून गेलं’ घातलंत, तर वाचक त्याला मनातल्या मनात दहा वर्षं बाहेर पाठवतो.

कोशकिडा

भर घालतो. ‘कात टाकली’ वर्तमानपत्रांना फार आवडतं, पण साप तोच राहतो हे विसरू नये. इमारतींचे दर्शनी भाग नवे, वस्ती तीच, अशा ठिकाणी ते शोभतं. माणसंच बदलली असतील तर नाही. ‘कायापालट’ मध्ये शरीरच नवं. ‘स्थित्यंतर’ मध्ये ‘अंतर’ म्हणजे ‘दुसरा’, भाषांतर-रूपांतरातला: एका स्थितीतून दुसरीत. बंदराचं शहर बँकांचं झालं, तर स्थित्यंतर. आणि ‘चेहरामोहरा बदलला’ याला दोन वर्षं विश्रांती द्या.

उपनगर

काळाचे सापळे कोणी सांगितले नाहीत. जुन्या रहिवाशाच्या वाक्यातले साधे शब्द त्या वर्षाला बांधलेले असतात.

‘सुट्टीचा वार’ घ्या. संयुक्त अरब अमिरातीत सरकारी आठवडी सुट्टी २००६ मध्ये गुरुवार-शुक्रवारवरून शुक्रवार-शनिवारवर आली आणि १ जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवारवर, शुक्रवारी अर्धा दिवस. २००० सालापासून दुबईत असलेल्याने तिन्ही पाहिल्या. त्याच्या जुन्या पत्रात ‘शनिवारी कामावर’ दिसलं तर चूक समजून दुरुस्त करू नका.

शहराचं नाव. कझाकस्तानच्या आजच्या राजधानीचं नाव १९९८ पर्यंत अकमोला, मग अस्ताना, २०१९ मध्ये नूर-सुलतान, २०२२ मध्ये पुन्हा अस्ताना. नियम सोपा ठेवावा: पहिल्या उल्लेखात आजचं नाव, त्यापुढे ‘तेव्हाचं अमुक’, नंतर बोलणारा जे म्हणतो ते. ‘पूर्वाश्रमीचं’ हा शब्द संन्याशांसाठी सोडा.

आणि सगळ्यांत फसवा ‘नवा’. जुन्या रहिवाशाच्या बोलण्यात, तो आल्यानंतर जे जे झालं ते सगळं नवं. आधीपासूनचं सगळं जुनं. ‘नव्या पुलावरून’ म्हणतो तो पूल पंचवीस वर्षांचा असतो. (पॅरिसमधल्या ‘पाँ नफ’चा अर्थच नवा पूल, आणि तिथे सेन नदीवरच्या उभ्या पुलांत तोच सगळ्यांत जुना, १६०७ मध्ये पुरा झालेला. म्हणजे हा रोग मराठीचा नव्हे.) भाषांतरात ‘नंतर झालेला पूल’ लिहिलं की वाचक फसत नाही. उलट ‘जुना विमानतळ’ तसाच ठेवा. हाँगकाँगचा काई ताक १९९८ मध्ये बंद झाला. त्याआधी आलेल्यांना तिथे उतरल्याचं आठवतं, नंतरच्यांना ते नुसतं एका भागाचं नाव आहे. कोण कधी आलं, ते एवढ्यावरून कळतं.

परभृत

मग ‘आपल्याकडे’ही यादीत घ्या. मराठीची ही सोय इंग्रजीत नाही, आणि भाषांतरात तीच वाया जाते. ‘आमच्याकडे’ मध्ये ऐकणारा बाहेर, ‘आपल्याकडे’ मध्ये आत. नवा आलेला माणूस घरी फोनवर ‘आपल्याकडे असं नसतं’ म्हणतो तेव्हा आपल्याकडे म्हणजे मायदेश. काही वर्षांनी तोच त्या शहरातल्या शेजाऱ्याशी बोलताना ‘आपल्याकडे पार्किंग मिळत नाही’ म्हणतो, आणि आता आपल्याकडे म्हणजे ती गल्ली. पुढे फोनवरही ‘तुमच्याकडे पाऊस कसा आहे?’ येतं. शहर किती अंगवळणी पडलंय, हे या एका सर्वनामावरून मोजता येतं.

‘परत’चंही तसंच. परत जाणं कुठे आणि परत येणं कुठे, हे प्रत्येक उताऱ्यात तपासा. इंग्रजीतलं ‘घर’ सरसकट ‘घरी’ करू नका. गावी, मायदेशी, तिकडे यांतलं जे बोलणाऱ्याच्या वर्षांना शोभेल ते.

काना-मात्रा

पटलं. एक दुरुस्ती: ‘आपण’ आदरार्थीही आहे. ‘आपल्याकडे चौकशी करायची होती’ मधला ‘आपल्याकडे’ या हिशेबात धरू नका.

कोशकिडा

जेंट्रिफिकेशन. १९६४ मध्ये रूथ ग्लास या समाजशास्त्रज्ञ बाईंनी लंडनबद्दल लिहिताना हा शब्द घडवला. त्यातला ‘जेंट्री’ म्हणजे कुलीन जमीनदार वर्ग, टोमणा म्हणून वापरलेला. कामकऱ्यांच्या वस्तीत पैसेवाले राहायला येतात, घरं दुरुस्त होतात, भाडी चढतात, आधीचे भाडेकरू हलतात. चारही पायऱ्या हव्यात. शेवटची नसेल तर ते फक्त सुधारणं झालं.

म्हणून ‘पुनर्विकास’ चालत नाही (इमारत पाडून बांधणं, आधीचे लोक तिथेच परत येऊ शकतात), ‘नूतनीकरण’ नाही (माणसांबद्दल काहीच सांगत नाही), ‘नागरीकरण’ तर भलतंच. ‘अभिजनीकरण’ अभ्यासलेखात चालेल. ‘उच्चभ्रूकरण’ मध्ये मूळचा टोमणा उतरतो, पण वाचक भुवईपाशी अडखळतो. सरळ मजकुरात मी उलगडून लिहीन: ‘वस्ती महागली आणि राहणारे हलले’. परदेशी रहिवाशांच्या बाबतीत एक बारकावा आहे. कंपनी घरभाडं देते तेव्हा भाडी चढवणाऱ्यांत तेच असतात. करार संपून भाडं स्वतःच्या खिशातून द्यायची वेळ आली की हलणाऱ्यांतही तेच. तेव्हा कर्ता गाळून ‘त्यांना हुसकावलं’ लिहू नका. कोणत्या वर्षाचं वाक्य आहे ते बघा.

उपनगर

‘नागरीकरणा’वरून आठवलं. नागरिक म्हणजे मुळात नगरातला. वीस वर्षं राहिलेला परदेशी माणूस व्युत्पत्तीने त्या शहराचा नागरिक आहे, कागदावर नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर ‘नागरिक’ हा नगराचा अधिकारी, आणि घरी कोण आलं-गेलं ते घरमालकाने कळवायचं हा त्याच्याच कारभारातला नियम. प्राचीन अथेन्समध्ये बाहेरून येऊन राहिलेल्यांना ‘मेटॉइकोस’ म्हणत, घर बदलून आलेला अशा अर्थाने. पुरुषाला वर्षाला १२ द्राख्मा कर, स्वतंत्र राहणाऱ्या स्त्रीला ६. मत नाही, खास परवानगीशिवाय जमीन-घर नाही. ‘परदेशी रहिवासी’ला इतका जुना शब्द त्यांच्याकडे होता.

टाचणवही

सगळ्यांचे आभार. पहिलं वाक्य असं केलंय, बघा बरं: ‘या शहरात पंधरा वर्षांहून अधिक काळ राहिलेल्या परदेशी रहिवाशींच्या डोळ्यांदेखत शहर बदलत गेलं, आधी किनाऱ्याचं सुशोभिकरण झालं, मग मागच्या गल्ल्या महागल्या आणि तिथले भाडेकरू हलले.’

काना-मात्रा

‘रहिवाशांच्या’. मूळ रूप रहिवासी, विभक्ती लागताना ‘सी’चा ‘शा’ होतो: रहिवाशाला, रहिवाशांना, जसं प्रवासी-प्रवाशाला. त्या ‘शा’वरूनच लोक उलटं ‘रहिवाशी’ लिहायला लागलेत. सुशोभीकरणातला ‘भी’ दीर्घ, एकीकरणातल्या ‘की’सारखा. आणि ‘या शहरात’च्या जागी नाव घाला, नाहीतर मायदेशातला वाचक ‘या’ म्हणजे आपलंच धरेल.