मदत हवी आहे: मेंदूच्या एमआरआयमध्ये टी१-टी२ वरून कृत्रिम फ्लेअर बनवताना पांढरे ठिपके पुसले जातात

सराफा_रात्र:
नमस्कार मंडळी. इकडे इंदुरात पलासियातल्या एका इमेजिंग सेंटरकडून १४० रुग्णांचे मेंदूचे एमआरआय मिळालेत, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलेले. प्रत्येकाच्या तीन प्रकारच्या प्रतिमा: टी१, टी२ आणि फ्लेअर (पाणी काळं दाखवणारी). टी१ थ्रीडी, १ मिमीचा. टी२ आणि फ्लेअर ५ मिमी जाडीच्या आडव्या छेदांचे. रुग्ण हलल्यामुळे फ्लेअर वाया गेलं तर टी१ आणि टी२ वरून ते तयार करता यावं, एवढाच हेतू. सगळं १ मिमीवर आणलं आणि पिक्सटूपिक्स (जोड्यांवरून एका प्रतिमेची दुसरी बनवायला शिकणारं मॉडेल) एकेका छेदावर ट्रेन केलं. एसएसआयएम (खऱ्या प्रतिमेशी साम्य, १ म्हणजे तंतोतंत) ०.९३ येतंय. पण व्हेंट्रिकलच्या (मेंदूतल्या पाण्याने भरलेल्या पोकळीच्या) कडेचे बारीक पांढरे ठिपके खऱ्या फ्लेअरमध्ये दिसतात, आपल्यात नाहीत. शिवाय सॅजिटलमध्ये (बाजूने पाहिलेल्या उभ्या छेदात) आडवे पट्टे. चूक कुठे असेल?

आडवा_छेद:
नेमके कडेचेच ठिपके जातात, यावरून मला रजिस्ट्रेशनचा (प्रतिमा एकमेकींवर नेमक्या बसवण्याचा) संशय येतो. टी२ मध्ये ठिपकाही पांढरा आणि शेजारचं पाणीही पांढरं. दोन्ही वेगळे ओळखायला मॉडेलकडे टी१ चाच आधार: तिथे पाणी काळं, ठिपका करडा. टी१ दोन मिमी सरकलेला असेल तर ठिपक्याच्या जागी त्याला पाणी दिसतं आणि फ्लेअरमध्ये पाणी काळं करायला तर ते शिकलंच आहे. टी१ आणि फ्लेअर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन पाडून एकावर एक ठेवा. व्हेंट्रिकलची कड चौकोनाच्या सीमेवर तुटलेली दिसली की समजा.

दुसरं, फ्लेअर १ मिमीवर आणू नका. ५ मिमीच्या दोन छेदांमधलं जे भरलं जातं ते इंटरपोलेशनने (शेजारच्या छेदांवरून अंदाजाने) बनवलेलं आहे, आणि तुम्ही तेच उत्तर म्हणून शिकवताय. उलट करा: टी१ आणि टी२ फ्लेअरच्या ग्रिडवर आणा, फ्लेअर जसंच्या तसं राहू द्या. आधी एन४ ने बायस (प्रतिमेतला असमान उजेड) काढा, मग रिजिड रजिस्ट्रेशन, म्हणजे न ताणता फक्त सरकवून-फिरवून जुळवणं (म्युच्युअल इन्फर्मेशनवर, म्हणजे एका प्रतिमेवरून दुसरीचा किती अंदाज येतो त्यावर; दोन्हींचा कॉन्ट्रास्ट वेगळा, साधा फरक मोजून चालत नाही), मग कवटी काढणं, नॉर्मलायझेशन (उजळपणा एका मापात आणणं) सगळ्यात शेवटी.

पट्ट्यांसाठी एक विचारतो: नॉर्मलायझेशन प्रत्येक छेदाचं वेगळं करताय का?

सराफा_रात्र:
हो, प्रत्येक छेद त्याच्या कमाल मूल्याने भागतो.

आडवा_छेद:
मग तेच कारण. टाळूजवळच्या छेदात एखादी रक्तवाहिनी चमकली की अख्खा छेद अंधारतो. पूर्ण व्हॉल्यूमवर, मेंदूच्या मास्कच्या (फक्त मेंदूचा भाग आखलेल्या साच्याच्या) आतलं १ ते ९९.५ पर्सेंटाइल घ्या.

व्हॉक्सेलवाली:
०.९३ वर विसंबू नका. चौकटीत केवढी तरी काळी पार्श्वभूमी आहे आणि ती बरोबर काढल्याचे गुण फुकट मिळतात. मास्कच्या आत मोजा, आणि ठिपक्यांच्या जागी वेगळं मोजा. एल१ लॉसच्या (उजळपणातल्या फरकांची सरासरी चूक) हिशेबात चिमूटभर व्हॉक्सेल (थ्रीडी पिक्सेल) पुसून टाकणं स्वस्त पडतं, म्हणून ठिपक्यांवर ५ ते १० पट वजन द्या. जास्त दिलंत तर नसलेले ठिपके उगवतील. निरोगी रुग्णांवर तेही तपासा. ट्रेन-टेस्ट वाटणी रुग्णानुसारच, एकाच डोक्याचे छेद दोन्हीकडे नकोत.

कोणी सायकलगॅन (जोड्यांशिवाय शिकणारं मॉडेल) सुचवलं तर इथे नको. जोड्या नसताना ते फक्त वितरण जुळवतं, आणि त्या नादात गाठ नसलेल्या जागी गाठ काढतं किंवा असलेली पुसतं, हे २०१८ मध्येच दाखवून झालंय.

सराफा_रात्र:
मनापासून आभार. याच डेटावरून गॅडोलिनियम हे कॉन्ट्रास्ट औषध दिल्यानंतरचा टी१ ही करता येईल का?

व्हॉक्सेलवाली:
त्यावर निदान ठेवायचं असेल तर नाही. औषध झिरपतं ते रक्त-मेंदू अडसर जिथे फुटलाय तिथे, आणि साध्या टी१-टी२ मध्ये ती फूट खात्रीने दिसत नाही. मॉडेल अंदाज बांधेल आणि तो अंदाज खऱ्या स्कॅनइतकाच ठसठशीत दिसेल, हीच भीती.

आधी टेस्टमधल्या २० रुग्णांचे ठिपके रेडिओलॉजिस्टकडून आखून घ्या. आखताना त्यांच्यासमोर फक्त खरं फ्लेअर ठेवा, तुमचं बनवलेलं नको. मग ते आकडे इथेच टाका.