विषय: कुत्र्याची चामडी लीश कोल्हापुरात करून घेतेय, हूक कसला घालू? (शनिवारच्या आत सांगा)

प्रेषक: मृणाल
मंगळवार, रात्री

मंडळी,

मी राजारामपुरीत आईकडे आहे. शनिवारी रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबई आणि रविवारी इंग्लंडचं विमान. तेवढ्यात ढवळ्याची लीश करून घ्यायची आहे. सहलीच्या दिवशी पार्किंगमध्ये लीश सुटून ढवळ्या गाडीसमोर गेला ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे पुन्हा लिहीत नाही. एवढंच सांगते की चामडं तुटलं नव्हतं, हुकाजवळचे टाके कुजले होते आणि ते मला वरून दिसले नाहीत.

आज सुभाषनगरात चामड्याचं काम करणाऱ्या एका मामांकडे गेले होते. पहिला अर्धा तास 'पट्टा' या एका शब्दात गेला. मी पट्टा म्हटलं की ते गळ्यातला पट्टा काढून दाखवायचे. शेवटी आई म्हणाली, "ओ, धरायची वादी हवी आहे, चार हात," आणि गाडी रुळावर आली. कातडं म्हशीचं, बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं. रुंदी सहा सूत (पाऊण इंच) ठरली आहे. मुठीचं टोक ते शिवून देतील. पण म्हणाले, "कातड्याची जबाबदारी माजी. हूक तुमचा तुमी आना."

हूकच मिळत नाही. दोन दुकानं पाहिली, सगळे पिवळेधमक आणि हातात घेतले की हलके. तसलाच घालू का? आणि शिवून बसवायचा की रिव्हेट मारायचा? मामांना परवा सकाळपर्यंत सांगायचं आहे.

मृणाल

---

प्रेषक: दिलीपकाका
बुधवार, पहाटे

मृणाल,

चामड्याचं काही करायचं होतं तर निघण्याआधी एक फोन करायचास. गेली अकरा वर्षं मंडळाच्या चपला मी आणतो आणि पापाच्या तिकटीजवळच्या चप्पल लाईनीत माझा माणूस ठरलेला आहे. सुभाषनगरातले कारागीर चांगले आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण एकाच ठिकाणाहून काम गेलं की पुढं तक्रार करायला जागा राहते.

आता गेलीच आहेस तर एवढं बघ. वादी पाठीच्या कातड्याची कापून घे, पोटाकडची नको. पोटाचं कातडं सैल असतं, चार महिन्यांत ओढून लांब होतं आणि एका कडेनं वाकडं जातं. वादी बोटावर दुमडून बघ. वरचा थर सुटून फुगल्यासारखा दिसला तर ते पोटाचं. कापलेली कड बघ, आतपर्यंत तपकिरी असली पाहिजे. मध्ये निळसर-करडी रेघ दिसली तर ते क्रोमचं, म्हणजे सालीऐवजी रसायनानं कमावलेलं कातडं, मग त्याला बाभळीचं म्हणून कोणी काही सांगो.

बैलाचं कातडं मागू नकोस. २०१५ च्या कायद्यानंतर महाराष्ट्रात तो विषय संपला. म्हशीचं जाड असतं, दाणा खरबरीत दिसतो, पण लीशला तेच बरं.

आणि 'जीआय'वाली (भौगोलिक मानांकनाची) लीश म्हणून कोणी जास्त पैसे मागितले तर सांग की २०१९ चं मानांकन चपलेला आहे, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांतल्या. लीशला नाही. मात्र मजुरीत घासाघीस करू नकोस. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या रॅम्पवर आपल्या चपलेसारखी चप्पल आली तेव्हा याच मेल-यादीवर सगळे तावातावानं लिहीत होते. मग इथं पन्नास रुपयांसाठी भांडायचं नाही.

दिलीप

---

प्रेषक: स्वप्नील
बुधवार, सकाळी

काका, कातड्याचं ठीक आहे, पण तिनं हूक विचारलाय.

मृणाल, ते हलके पिवळे हूक जस्ताच्या मिश्रधातूचे असतात, साच्यात दाबून ओतलेले आणि वर मुलामा. चुंबक लावून बघू नकोस, फसशील. पितळेला चुंबक लागत नाही तसा जस्तालाही लागत नाही. कानशीनं आतल्या बाजूला एक रेघ ओढ. पांढरं-करडं दिसलं तर जस्त, पिवळं ते पिवळंच राहिलं तर पितळ. जस्त वाकत नाही, एकदम मोडतं, आणि मोडण्याआधी काही कळत नाही. म्हणून तसला घालू नकोस.

उद्यमनगरात माझ्या चुलतभावाचं लेथ मशीन आहे. पितळी रॉडमधून आकडा काढून देईल. ओतून नको, रॉडमधूनच, कारण ओतकामात आत हवेची छिद्रं राहिली तर बाहेरून दिसत नाहीत. कोल्हापुरात एवढ्या फाउंड्र्या आहेत आणि एक हूक मिळत नाही म्हणजे काय? मी त्याला आत्ताच फोन लावतो.

स्वप्नील

---

प्रेषक: वैशाली
बुधवार, दुपारी

स्वप्नील, तुझ्या भावाच्या हाताबद्दल काही म्हणणं नाही, पण हे करू नकोस. आकडा एक वेळ होईल. त्याची मागची कडी फिरती लागते आणि जीभ स्प्रिंगवर बंद व्हावी लागते. तो फिरता जोडच पहिल्यांदा सुटतो. दोन दिवसांत घाईनं केलेला, एकदाही न ताणलेला हूक पस्तीस किलोच्या कुत्र्याला लावून रस्त्यावर नेणार? ढवळ्या मांजरामागे उसळतो तेव्हा त्याच्या वजनाच्या कितीतरी पट झटका त्या एका जागी बसतो. सहलीत मी त्याच्यामागे धावले आहे, मला माहीत आहे.

मी शनिवार-रविवार तबेल्यात असते. तिथं खोगीर-लगामाच्या दुकानात घन पितळेचे हूक मिळतात, मी एक घेऊन ठेवते. मृणाल, तू फक्त चामडं आण.

रिव्हेट नको. सहा सूत म्हणजे एकोणीस मिलिमीटर. त्यात पाच मिलिमीटरचं भोक पाडलंस तर त्या रेषेवर चौथा हिस्सा चामडं गेलंच, आणि नेमकं जिथं जोर तिथंच. शिवायचं असेल तर हातानं, दोन सुयांनी, मेण लावलेल्या दोऱ्यानं. त्यात प्रत्येक भोकातून दोन दोरे उलटसुलट जातात, एक तुटला तरी दुसरा धरून राहतो. मशीनच्या शिलाईत वरचा दोरा आणि खालचा दोरा फक्त एकमेकांत अडकलेले असतात, एक झिजला की ओळ उसवत जाते. सहलीत तेच झालं.

पण मृणाल, शिवून बसवायचं तर हूक आधी लागतो, आणि हूक तर इथं माझ्याकडे असणार. हा तिढा मला सुटत नाहीये.

वैशाली

---

प्रेषक: अण्णा
बुधवार, संध्याकाळी

वैशालीताईंचं दोऱ्याबद्दलचं वाचलं. दोरा कुजतो तो तेलाशिवाय.

आमच्या कागलाकडं विहिरीवर मोट होती. मी सहावीत असेपर्यंत चालली. मोटेचं कातडं, त्याला वर नाडा आणि खाली सोंदूर, हे दोन दोर. दिवसभर पाण्यात, वर ऊन. वडील हंगाम संपला की मोट उतरवून सावलीत पुसून घ्यायचे आणि करंजेल चोळायचे. आम्हा पोरांची हातं आठवडाभर कडू लागायची. पण ती मोट फाटलेली मला आठवत नाही. तेव्हा लीश आणल्यावर पहिलं काम तेल पाजणं. कडू तेलाचा दुसरा फायदा, कुत्रं चावत नाही.

आमच्याकडं कारवान कुत्री होती, लांब तोंडाची, सशाच्या मागं सुटणारी. त्यांना सुताची दोरी असायची. संस्थानच्या काळात कोल्हापुरात शिकारीचे चित्ते पाळायचे, डोळ्यांवर टोपी घालून गाडीवरून न्यायचे. तेसुद्धा माणसांनी धरूनच सांभाळले ना? त्या मानानं ढवळ्याचं काम अवघड नाही.

अण्णा

---

प्रेषक: दिलीपकाका
बुधवार, रात्री

अण्णा, करंजेल नको. कुत्रं लीश चाटतं, चघळतं. चव कडू लागली म्हणून ते थांबेलच असं नाही आणि पोटात काय जाईल? मी चपलांना खोबरेल लावतो आणि मंडळात सगळ्यांना तेच सांगत आलोय.

दिलीप

---

प्रेषक: वैशाली
बुधवार, रात्री

काका, खोबरेल कोल्हापुरात ठीक. चोवीस अंशांच्या खाली ते गोठतं. इथं आपल्याकडे वर्षातले दहा महिने ते चामड्यावर पांढरं बसून राहील. मागच्या वर्षीच्या चपलांवर तो पांढरा थर आला होता आणि तीन जणांनी बुरशी समजून जोड टाकून दिले, तुम्हाला सांगायचं राहिलं.

खोगिरासाठीचं मेण-तेलाचं मिश्रण वापरावं, तेही बोटभर, फडक्यावर घेऊन. तेल जास्त पाजलं तर वादी लुळी पडते आणि ताणली जाते. भिजली तर टांगून सावलीत वाळवायची, रेडिएटरवर कधीच नाही. थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात, घरी आलं की ओल्या फडक्यानं ते पुसून काढायचं.

वैशाली

---

प्रेषक: दिलीपकाका
बुधवार, रात्री उशिरा

ते तीन जोड कोणाचे होते ते मला वेगळं कळव. बदलून देतो.

दिलीप

---

प्रेषक: नीता
गुरुवार, सकाळी

सर्वांना विनंती, चपलांच्या तेलासाठी वेगळा विषय उघडा. दिवाळी फराळाच्या नोंदणीची मेल या सगळ्यात खाली गेली आणि काल फक्त दोन नावं आली. मृणाल, तुझं उत्तर मिळालं की इथं कळव, मीही आमच्या पिल्लासाठी घेणार आहे. त्याला सहा सूत जड होईल का? ते सात किलोचं आहे.

नीता

---

प्रेषक: अण्णा
गुरुवार, सकाळी

नीताताई, फराळात आमची नेहमीप्रमाणे दोन माणसं.

करंजेल मागे घेतो. चाटण्याचा विचार मी केला नव्हता.

अण्णा

---

प्रेषक: मृणाल
गुरुवार, रात्री

मंडळी,

झालं. नीट सांगते, कारण पुढच्या माणसाला उपयोगी पडेल.

सकाळी मामांकडे गेले आणि सांगितलं की हूक इंग्लंडात आहे, शिलाई इथं आहे, कसं करू? ते काही बोलले नाहीत. खालून एक तुकडा उचलला, रापीनं वादीच्या लांबीत दोन चिरा दिल्या, एक टोकाजवळ आणि एक चार बोटं मागे. आरीनं चिरांच्या दोन्ही तोंडांना बारीक गोल भोकं पाडली. म्हणाले, "भोक न्हाई पाडलं तर चीर फुडं फाटत जाती." मग एक जुनी चावीची कडी घेतली, शेपूट तिच्यातून ओवलं, दुमडून मागच्या चिरेतून काढलं, आणि शेपटातल्या चिरेतून आख्खी वादी मुठीकडून ओढून घेतली. गाठ आपोआप आवळली. एक टाका नाही, एक खिळा नाही. "हूक कवाबी घाला, कवाबी काडा." चपलेच्या वेणीला वाद्या ओवतात तसाच हात. वैशाली, तुझा तिढा असा सुटला.

मी विचारलं, चिरेनं वादी कमजोर नाही का होणार? ते म्हणाले, चीर लांबीत आहे, आडवी नाही. ओढ लांबीत बसते, तिथं काही तुटलेलं नाही. वैशालीनं रिव्हेटबद्दल जो हिशेब दिला होता तो त्यांनी आकड्याशिवाय सांगितला.

मूठ दोन सुयांनी शिवली, मेणाच्या दोऱ्यानं, माझ्यासमोर. मूठ चपटी करून चिरेतून जायला हवी म्हणून चीर सहा सुतांची न ठेवता एक इंचाची ठेवली आहे. दिलीपकाका, वादी पाठीचीच आहे. मामांनी आख्खं कातडं अंथरून कण्याची रेघ दाखवली आणि तिच्या शेजारून कापली. दुमडून पाहिली, थर सुटला नाही. कड आतपर्यंत तपकिरी आहे. लांबी चार हात सांगितली होती, मामांनी चिरा आणि मूठ धरून अर्धा हात जास्त घेतली.

रंग लावू दिला नाही. ढवळ्या पांढरा आहे आणि नव्या कोल्हापुरीनं पावसात पायाला रंग लागतो हे सगळ्यांना माहीत आहे. बिनरंगी वादी पांढऱ्या ओल्या फडक्यानं पुसून पाहिली. थोडा तपकिरी डाग आला, तो सालीचा आहे. मामा म्हणाले, दोनदा पुसा, मग येणार नाही. घरी तसंच केलं, तिसऱ्या वेळी फडकं स्वच्छ निघालं.

मग ती दाराच्या लोखंडी कडीत अडकवली आणि मामांचा मुलगा आणि मी, दोघांनी पाय रोवून ओढली. गाठ आणखी घट्ट झाली, बाकी काही नाही. मी तिथंच रडले. आईला वाटलं हाताला लागलं. पार्किंगमधली ती गाडी, तिचे ब्रेक आणि माझ्या हातातली रिकामी लीश, दोन महिने रोज झोपताना डोळ्यांसमोर येत होतं.

मामांनी सांगितले तेवढे पैसे दिले. गळ्याचा पट्टाही तिथंच करायला टाकलाय, पितळी पाटीसाठी जागा सोडून. मालकाचा नाव-पत्ता इंग्लंडात १९९२ च्या नियमानं लागतोच आणि सध्याची प्लॅस्टिकची चकती अर्धी पुसली गेली आहे. पट्टा मात्र शिवलेला असेल, कारण त्याचं बकल मामांकडे चांगलं आहे. स्वप्नीलनं सांगितल्याप्रमाणे कानशीनं पाहिलं, आतही पिवळंच आहे. स्वप्नील, तुझ्या भावाचा फोन आला होता. तो पितळी पाटी कापून, नाव कोरून उद्या संध्याकाळी घरी आणून देतो म्हणाला. पैसे घेणार नाही म्हणतोय, ते तू बघ.

नीता, सात किलोला चार सूत पुरे. सहा सुताची वादी आणि एवढा हूक त्याच्या मानेला जड होईल. उद्या सकाळी दहाच्या आत कळवलंस तर मामा करून ठेवतील.

वैशाली, हुकाच्या मागच्या कडीची आतली मोकळी जागा एकोणीस मिलिमीटरपेक्षा कमी नको, नाहीतर वादी आत चुरगळेल. पट्टी लावून मोजून घे. सोमवारी संध्याकाळी मी तुझ्याकडे येते, ढवळ्याला घेऊन. तोपर्यंत त्याला ती जुनी नायलॉनचीच असू दे, आणि त्याला फिरवणाऱ्या अमितला सांग की रस्ता ओलांडताना दोन वेढे हाताला.

दिलीपकाका, तुमच्या माणसाकडे उद्या चप्पल लाईनीत जातेच आहे. त्या तीन जोडांची मापं रात्रीपर्यंत पाठवा, माझ्या बॅगेत जागा आहे.

मृणाल